गोवर आला आणि हातांची खाज गेली, ती का?



मार्च महिना उजाडला की पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतली आमची कुटुंबे काजूच्या मागे लागतात. पहाटे डोंगरावर जाऊन बोंडू गोळा करायचे, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, बोंडू भाटीवर पोचवायचे आणि बिया अंगणात वाळत घालायच्या. या दिवसांत रविवारची मिस्सा संपली की दारात दोनतीन माणसे तरी हात पुढे करून उभी असतात. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटावर लाल चट्टे, एखाद्याच्या पापण्या सुजलेल्या. आम्ही डॉक्टर नव्हे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण फादरना दाखवले की निम्मे दुखणे हलके होते, अशी आमच्या लोकांची समजूत आहे.

दोन मोसमांपूर्वी अशीच एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. हा मुलगा दरवर्षी आजीबरोबर बिया काढायला बसे, आणि दरवर्षी आठ-दहा दिवसांत त्याचे हात फुटत. त्या वर्षी मात्र हात स्वच्छ होते. मधल्या काळात त्याला गोवर झाला होता. लहानपणी लसीची एक मात्रा मिळाली होती, दुसरी राहून गेली होती. आई म्हणाली, "फादर, तापानं अंगातली सगळी खाज बाहेर पडली बघा. मग गोवर बरा म्हणायचा की वाईट?"

आम्ही हसलो आणि म्हणालो, "बरं झालं, एका दुखण्यानं दुसरं पळवलं." हे वाक्य बोलायला नको होते. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो.

आधी हे पाहू या की त्या बाईचे निरीक्षण खरे होते का. अर्धे खरे होते. अर्धे यासाठी की गोवराचे पोर तीन आठवडे घरात होते आणि त्या तीन आठवड्यांत त्याने एकाही बीला हात लावला नव्हता. ज्या वस्तूमुळे खाज सुटते ती वस्तूच दूर राहिली, तर खाज येणार कोठून? घरगुती निरीक्षणात हा घोटाळा नेहमी होतो. एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात, आणि आपण यशाचे श्रेय हव्या त्या गोष्टीला देतो. खत आणि पाऊस एकदम पडले तर भाताचे पीक कशाने आले, हा वाद मळ्यात बसून मिटत नाही. त्यासाठी एक वाफा खत घालून आणि शेजारचा वाफा खताविना ठेवून पाहावे लागते. शास्त्रज्ञ उंदरांवर हेच करतात.

उंदीर कशाला, असे कोणी विचारील. माणसाच्या पोराला मुद्दाम विषाणू टोचून त्याच्या हाताला काजूचे तेल फासणे हे पाप होईल. शिवाय उंदीर एकाच घरचे, एकाच वयाचे, एकाच खाण्यावर वाढलेले घेता येतात. प्रयोग साधा असतो. उंदराच्या पोटावरचे केस काढून तेथे त्वचेला झोंबणारे एक रसायन लावतात. पाचएक दिवस जाऊ देतात. मग तेच रसायन थोडेसे त्याच्या एका कानाला लावतात; दुसरा कान कोरा ठेवतात. दुसऱ्या दिवशी बारीक मापाने दोन्ही कानांची जाडी मोजतात. लावलेला कान सुजून जाड झाला असेल, तर त्या उंदराला त्या रसायनाचे वावडे जडले हे सिद्ध होते. आता निम्म्या उंदरांना आधी विषाणूची लागण करून ठेवायची आणि निम्म्यांना नाही. रसायन दोघांनाही सारखेच लावायचे. लागण झालेल्यांचे कान कमी सुजले, तर "हात लावलाच नव्हता" ही पळवाट उरत नाही.

काजूच्या टरफलातले तेल आमच्या हातावर जे करते ते नेमके हेच आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. टरफलाच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यात काळपट, दाहक तेल भरलेले असते. बी पिळताना, फोडताना किंवा भाजताना ते हाताला लागते. आंब्याच्या देठाचा चीक आणि बिब्ब्याचे तेल ही याचीच भावंडे. तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. म्हणून ज्याला काजू बाधतो त्याला पुष्कळदा बिब्बाही बाधतो. (दुखऱ्या गुडघ्याला बिब्बा लावण्याची खोड ज्यांना आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) तेल फार लागले तर सरळ भाजते, त्याला वावड्याची गरज नाही. पण थोडेसे लागूनही ज्याला पुरळ उठते त्याच्या बाबतीत वेगळे घडत असते.

तेलाचे बारीक कण त्वचेत शिरून आपल्याच कातडीच्या घटकांना चिकटतात. त्वचेत काही राखणदार पेशी असतात. पाउल लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ साली त्या प्रथम पाहिल्या, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. या पेशी तो चिकटलेला कण उचलतात आणि काखेतल्या गाठीपर्यंत वाहून नेतात. तेथे पांढऱ्या पेशींची एक जात असते, तिला टी पेशी म्हणतात. त्यांतल्या ज्या थोड्या पेशींना तो कण ओळखता येतो त्या वाढू लागतात आणि शरीरभर पसरतात. पहिल्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी तेल लागले की या तयार पेशी त्या जागी धावतात आणि एक-दोन दिवसांत सूज, खाज, पुरळ उठवतात. म्हणूनच शनिवारी बिया काढलेल्या माणसाचे हात सोमवारी फुटतात आणि त्याला वाटते की रविवारी खाल्लेले मासेच बाधले! मासे बाधले तर गांधी बहुधा तासाभरात उठतात. ती यंत्रणा निराळी आहे. येथे आम्ही फक्त उशिरा उठणाऱ्या पुरळाविषयी बोलत आहोत. हे वावडे रक्तातल्या पाण्याबरोबर जात नाही, पेशींबरोबर जाते, हे कार्ल लांडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ साली दाखवले. त्यांनी वावडे जडलेल्या गिनीपिगच्या पेशी दुसऱ्या निरोगी गिनीपिगला दिल्या, तेव्हा वावडेही त्याच्याकडे गेले.

आता विषाणू यात कोठे येतो?

खाजन शेतीचा बांध ज्यांनी राखला आहे त्यांना हे लगेच कळेल. भरतीच्या रात्री एके ठिकाणी बांध फुटला की गावातला प्रत्येक हात तिकडे धावतो. त्या वेळी दुसऱ्या टोकाला रानडुक्कर भाजीच्या वाफ्यात शिरले तरी त्याला हाकलायला कोणी नसते. विषाणू अंगात शिरला की शरीराची अवस्था तशीच होते. पण "सगळे तिकडे धावले" एवढे म्हणून भागत नाही. शास्त्रज्ञांनी यातल्या वेगवेगळ्या वाटा शोधून काढल्या आहेत.

पहिली वाट धोक्याच्या घंटेची. विषाणू शिरलेल्या पेशी एक द्रव्य सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते ओळखले. त्याला इंटरफेरॉन म्हणतात. पुढे १९७५ साली फ्रान्समध्ये एडवर्ड द मायेर, त्यांची पत्नी जॅकलीन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की हे द्रव्य उंदरांना दिले तर उशिरा उठणारी सूज दबते. हे द्रव्य उंदराच्या अंगात तयार व्हावे म्हणून जो विषाणू वापरीत असत तो आमच्या घरोघरच्या बायकांना चांगला माहीत आहे. कोंबड्यांची मान वाकडी करून एका रात्रीत खुराडे रिकामे करणारी मानमोडी, म्हणजेच राणीखेत, तिचाच तो विषाणू. घंटा वाजू लागली की पेशींची नवी वाढ थोपवली जाते, आणि वावड्याच्या पेशींनाही त्याचा फटका बसतो.

दुसरी वाट अधिक चमत्कारिक आहे. स्वित्झर्लंडमध्ये झूरिक येथे रोल्फ झिंकरनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ ते १९९१ या काळात उंदरांच्या एका नेहमीच्या विषाणूवर काम केले. हा विषाणू मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. (याच झिंकरनागेल यांना पीटर डोहर्टी यांच्यासह १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते आधीच्या कामासाठी.) लागण झालेले उंदीर दुसऱ्या विषाणूला नीट तोंड देईनासे झाले. दोष विषाणूचा असेल असे कोणालाही वाटेल. पण उंदराच्या मारेकरी टी पेशी आधीच काढून टाकल्या, तर ही दुर्बलता येतच नव्हती! म्हणजे घडत होते ते असे: विषाणू राखणदार पेशींत लपून बसतो, आणि उंदराच्या स्वतःच्या मारेकरी पेशी विषाणू मारण्याच्या भरात त्या राखणदारांनाच ठार करतात. मग बाहेरून आलेल्या नव्या वस्तूची वर्दी गाठीपर्यंत पोचवणार कोण? वर्दीच नाही, तर तिच्याविरुद्ध पेशींची फौजही उभी राहत नाही.

तिसरी वाट माणसाची आहे आणि ती गोवराची आहे. ती उंदरांच्या कितीतरी आधी एका डॉक्टरच्या नजरेस आली. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के हे लहान मुलांचे डॉक्टर. 'अॅलर्जी' हा शब्दच त्यांनी १९०६ साली घडवला. १९०७ साली त्यांनी क्षयासाठी त्वचेची चाचणी काढली. क्षयाच्या जंतूंपासून केलेले द्रव्य हातावर ओरखडा काढून लावायचे. शरीराची क्षयाच्या जंतूशी आधी गाठ पडलेली असेल तर त्या जागी दोन दिवसांत गाठ येते. ही गाठ आणि काजूचे पुरळ यांची यंत्रणा एकच: तीच उशिरा येणारी सूज, त्याच टी पेशी. १९०८ साली पिर्के यांनी लिहिले की ज्या मुलांच्या हातावर ही गाठ हमखास येत असे, त्यांना गोवर झाला की पुरळाच्या दिवसांत ती येतच नाही. पुढे गोवर ओसरला की परत येते. गोवराचा विषाणू आपला जुना अनुभव साठवून ठेवणाऱ्या पेशींतच शिरतो आणि त्यांचा फडशा पाडतो, हे पुष्कळ नंतर कळले. २०१९ साली नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवराआधी आणि नंतर तपासले गेले. पूर्वीच्या रोगांविरुद्ध अंगात साठलेल्या संरक्षक द्रव्यांपैकी ११ ते ७३ टक्के द्रव्ये गोवराने पुसून टाकली होती.

तेव्हा त्या मुलाच्या आईने जे पाहिले त्यात तथ्य होते. गोवरानंतर इसबाचे चट्टे काही काळ फिके पडल्याची उदाहरणे डॉक्टरांनीही नोंदवली आहेत. पण राखण करणारा कुत्रा भुंकत नाही म्हणून चोर गेला असे होत नाही. कुत्राच आजारी असू शकतो.

आणि आता आमच्या त्या वाक्याकडे येतो.

त्या मुलाच्या घरी आजोबा खोकत होते. दोन महिने खोकत होते, आणि घरात सगळे त्याला विडीचा खोकला म्हणत होते. गोवरासाठी मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते ऐकले. त्यांनी आजोबांचा बेडका तपासायला सांगितला, आणि मुलाचे वजनही उतरले होते म्हणून त्याच्या हातावर क्षयाची चाचणी केली. ही चाचणी आता सुईने टोचून करतात. १९०८ साली फ्रान्सच्या शार्ल मांतू यांनी ती पद्धत आणली म्हणून तिला मांतू चाचणी म्हणतात. ४८ ते ७२ तासांनी हात पाहतात. मुलाचा हात सपाट राहिला. डॉक्टरांनी बजावले होते की गोवर नुकताच होऊन गेला आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा या. आईला वाटले, एकदा हात स्वच्छ निघाला, आता बस भाड्याने कशाला जा? तिने आम्हाला विचारले. आणि आम्ही, शहाणपण करून, म्हणालो, "चाचणी साफ आली ना? मग झालं. काजू आटपा, मग बघू."

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. सपाट हाताचे दोन अर्थ असू शकतात हे कोणी शिकवले नव्हते. पण ही सबब होत नाही. विचारायला काय लागत होते?

आजोबांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. तो निरोप घेऊन आरोग्यसेविका घरी गेली तेव्हा तिने मुलाचा कागद पाहिला, गोवराची तारीख पाहिली आणि आईला पुन्हा निघायला लावले. दुसऱ्या वेळी मुलाच्या हातावर सुपारीएवढी गाठ आली. छातीचा फोटो काढला, तेव्हा छातीतल्या गाठी वाढलेल्या दिसल्या. आमच्या सल्ल्याने ते घर काजू आटपेपर्यंत थांबले असते तर पावसाळा उजाडला असता, आणि मग भाताची लावणी आलीच.

म्हणून घरात क्षयाचा रोगी असेल आणि मुलाला नुकताच गोवर झाला असेल, तर मांतूचा सपाट हात खरा धरू नये. डॉक्टरांना गोवराची तारीख आपणहून सांगावी. गोवराची लसही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते आणि तीही ही चाचणी काही आठवडे मंद करू शकते; म्हणून चाचणी आणि लस एकाच दिवशी करतात, नाहीतर मध्ये चार ते सहा आठवडे जाऊ देतात. जो मुलगा फार अशक्त आहे, किंवा ज्याला खाज बसवण्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्याचीही चाचणी अशीच फसवू शकते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने त्या गोळ्या आणणारे आमच्यात कमी नाहीत.

गोवराने खाज जाते म्हणून गोवर येऊ द्यावा, असा विचार कोणी करू नये. लसीच्या दोन मात्रा असतात, पहिली नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. त्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर आणि रुबेला या दोहोंची लस देशात मोहीम काढून द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या फेरीच्या राज्यांत गोवा होते. पुष्कळ पालकांना दुसरी मात्रा म्हणजे पहिलीचीच पुनरुक्ती वाटते. या मुलाच्या घरीही तसेच वाटले होते. शिवाय सगळेच विषाणू वावडे दाबतात असेही नाही. सर्दीचे विषाणू दम्याच्या मुलाचा दमा उलट भडकवतात. इसबाच्या कातडीवर नागिणीच्या जातीचा विषाणू बसला तर तो सर्वांगावर पसरू शकतो.

आणखी एक, कारण मोसम काजूचा आहे. या दिवसांतला प्रत्येक ताप गोवर किंवा ऊन नसतो. २०१५ साली सत्तरीतल्या पाळी गावात माकडतापाची साथ आली, २०१६ साली ती आमच्या शेजारच्या दोडामार्गात दिसली. हा विषाणू गोचिडीच्या चाव्याने येतो, आणि काजूच्या बागेत पालापाचोळ्यात बसून काम करणाऱ्यांनाच तो आधी गाठतो. एकाएकी जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी असेल तर डॉक्टरांना "काजूत काम करतो" हे आधी सांगावे. डोंगरात माकड मेलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

उरली हातांची खाज. तिला आपल्या घरातच उपाय आहे. बिया काढायला बसण्यापूर्वी हातांना खोबरेल तेल चोळावे, म्हणजे टरफलाचे तेल कातडीला थेट भिडत नाही. रबरी हातमोजे मिळाले तर उत्तमच, पण ते आतून ओले किंवा तेलकट होऊ देऊ नयेत, नाहीतर हात न घातलेलेच बरे. काम संपताच साबणाने धुवावे, घरी जाऊन नव्हे, तेथेच. एक कळशी पाणी आणि साबणाची वडी बागेत न्यावी. मधेच डोळे चोळू नयेत, लघवीला जाण्यापूर्वीही हात धुवावेत (पुरुषांना हे कारण समजावून सांगायला नको). टरफले चुलीत घालून जाळू नयेत. त्या धुराने डोळे आणि घसा दोन्ही सुजतात आणि लहान मुले चुलीपाशीच खेळत असतात. पुरळ उठलेच तर फोड फोडू नयेत, त्यांवर बिब्बा, चुना, रॉकेल असले काही लावू नये. ज्याचे हात दरवर्षी फुटतात त्याला भाटीकडचे काम द्यावे आणि बिया काढण्याचे दुसऱ्याला. कुटुंबात एवढी अदलाबदल करता येते.

तो मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्याचा औषधोपचार पुरा झाला, आजोबांचाही झाला. विडी मात्र सुटलेली नाही. गेल्या रविवारी तो आईबरोबर दारात उभा होता. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, डाव्या मनगटावर लाल चट्टा, अगदी पूर्वीसारखाच. आई कुरकुरत होती की दोन वर्षे बरी गेली आणि खाज पुन्हा आली. आम्ही त्याचा हात उजेडात धरून नीट पाहिला आणि विचारले, "खोबरेल लावलं होतंस का रे?" त्याने मान खाली घातली.